चाल कुणाची? प्रोग्रेसिव्ह मेटल गाण्यांची मुळं शोधायची आमची रीत

थंडी पडली, वांगी बाजारात आली, की खान्देशात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. आमच्या टोळक्याचं भांडणही तेव्हाच सुरू होतं. यावलकडच्या मित्राच्या केळीच्या बागेत कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायला टाकायची, कळण्याच्या पुऱ्या डब्यातून आणायच्या आणि वांग्याचं साल काळं पडेपर्यंत स्पीकरवर ड्रीम थिएटर लावायचं. हा अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल बँड, म्हणजे जड गिटारींवर लांब, विषम मात्रांची, गुंतागुंतीची गाणी करणारा. दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतोच, "हे तर पिंक फ्लॉइडचं ढापलंय भो!" दुसरा म्हणतो, "नाही, हे रश आहे." दोन्ही जुने रॉक बँड. तिसरा तबला शिकलेला, तो म्हणतो, "अरे, हा तर रूपक." मग रात्री एकपर्यंत आरडाओरडा. शेजारच्या शेतातला राखणदार एकदा काठी घेऊन बघायला आला होता.

दोन-तीन हिवाळे असे वाया घालवल्यावर आम्ही या भांडणाला थोडी शिस्त लावली. तुम्हीही चार मित्र जमवून असं ऐकत असाल, तर उपयोगी पडेल म्हणून ती रीत लिहितो.

'ढापलं' म्हणायच्या आधी

माझ्या आजीकडे भजनाच्या पातळ पुस्तिका होत्या. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असायचं, 'चाल: अमुक'. म्हणजे हे भजन त्या जुन्या गाण्याच्या सुरावर म्हणा. कानबाईच्या गाण्यांत तर हे छापायचीही गरज नसते. बायका ओळखीच्या चालीत नवे शब्द घालतात आणि चाल ढापली असं कुणाच्या मनातही येत नाही. उलट चाल सांगितली की म्हणणाऱ्याला वाट सापडते.

आम्ही तेच मेटलला लावलं. प्रत्येक दाव्यासाठी वहीत एक 'चाल' ओळ लिहायची. ती अशी: कोणतं गाणं, किती मिनिट किती सेकंदाला, कोणत्या जुन्या गाण्यासारखं, आणि सारखेपणा नक्की कशात, म्हणजे मात्रेत, स्वरात, आवाजाच्या पोतात की बांधणीत. चौथी गोष्ट लिहिता आली नाही, तर दावा बाद. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण 'फील तसाच येतो' यापलीकडे बहुतेकांकडे काही नसतं.

सामान फार लागत नाही. वही, पेन आणि गाण्याचा वेग कमी करता येईल असं कुठलंही ॲप. यूट्यूबवर वेग पाऊण पट केला तरी भागतं. बरा हेडफोन एक तरी हवा, कारण ब्लूटूथ स्पीकरवर बास गिटार हरवते आणि प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये निम्मे पुरावे बासमध्ये असतात.

एका बैठकीला एकच गाणं

पूर्ण अल्बम घेऊ नका. अवघड गाण्यानेही सुरुवात करू नका. ड्रीम थिएटरच्या 1999 च्या अल्बममध्ये 'द डान्स ऑफ इटर्निटी' नावाचा सहा मिनिटांचा, शब्दांशिवायचा तुकडा आहे. त्यात मात्रांची मोजणी शंभरावर वेळा बदलते आणि मधेच जुन्या अमेरिकी रॅगटाइम पियानोचा तुकडा येतो. आम्ही हौसेने त्यापासूनच सुरुवात केली आणि भरीत थंड झालं. तो तुकडा तिसऱ्या-चौथ्या बैठकीला घ्या.

गाणं एकदा पूर्ण ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त बदल लिहा: 0:00 ला काय, 1:12 ला काय बदललं, आवाज कुठे आला, कुठे गेला. अजून कुणाचं नाव काढायचं नाही. हे सर्वांत कंटाळवाणं काम आहे आणि याच्याशिवाय पुढचं काहीच टिकत नाही.

मात्रा मोजा, पण तालाचं नाव घाईने देऊ नका

इथे आपल्याला जन्मजात फायदा आहे. विषम मात्रा म्हटल्या की इंग्रजी पुस्तकं शिकणाऱ्याला घाबरवतात. आपल्याकडे सातवी-आठवीतलं तबला शिकणारं पोरही 'ती ती ना, धी ना, धी ना' म्हणत सात मात्रा हातावर मोजतं, आणि 'धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना' म्हणत दहा.

सरावाला पिंक फ्लॉइडचं 1973 चं 'मनी' घ्या. बासची ओळ सात मात्रांची आहे. टाळी देत मोजा. मग गिटारचा सोलो सुरू झाला की तुमचा हात चुकेल, कारण तिथे गाणं चारच्या मोजणीवर येतं. हा बदल ज्याला हातावर कळला त्याला पुढचं सोपं जातं. पीटर गॅब्रिएलचं 1977 चं 'सॉल्सबरी हिल' हेही सातचंच, पण इतकं हलकं की मोजल्याशिवाय कळत नाही. पाचसाठी जॅझमधलं 1959 चं 'टेक फाइव्ह' आहे, तीन अधिक दोन.

मग रशचं 'वायवायझेड' घ्या. 1981 च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बममधलं. टोरांटो विमानतळाचा संकेत YYZ (वायवायझेड) मोर्स लिपीत जसा वाजतो, तीच त्याच्या सुरुवातीची लय. लांब, आखूड, लांब, लांब, पुन्हा तेच, मग लांब, लांब, आखूड, आखूड. लांबाला दोन आणि आखूडाला एक धरा. सात, सात आणि सहा मिळून वीस. दोन-दोनाची एक मात्रा धरली तर दहा मात्रांचा एक फेरा. माझे मामा भुसावळला रेल्वेत तारबाबू होते. त्यांना हे ऐकवलं तर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे बाबा, हा डॅश आखूड पडतोय. डॅश तीन डॉटांइतका पाहिजे." मामांचं बरोबर होतं. खऱ्या मोर्समध्ये लांब खूण आखूडच्या तिप्पट असते, रशने ती दुप्पट घेतली. बँडने बाहेरची वस्तू उचलली, पण लयीत बसावी म्हणून थोडी कापली. असा काप सापडला की वहीत नक्की लिहा. नुसत्या सारखेपणापेक्षा तो जास्त बोलका असतो.

आता तालाच्या नावाबद्दल. आमच्या तबलेवाल्याशी माझा जुना वाद आहे. सात मात्रा दिसल्या की तो 'रूपक' म्हणतो. पण रूपकची ओळख नुसते सात आकडे नाहीत. त्याची समच, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर येते, म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात तिथे, आणि तीन-दोन-दोन असे विभाग पडतात. मेटलच्या सातमध्ये पहिल्या मात्रेवर बास ड्रम दाणकन आपटतो. तिथे खाली कुठली? तसंच टूल या अमेरिकी मेटल बँडच्या 2001 च्या 'स्किझम'चं. त्यात पाच आणि सातचे तुकडे आळीपाळीने येतात, बेरीज बारा. बारा म्हणून त्याला एकताल म्हणालात तर जळगावच्या कुठल्याही संगीत वर्गातून हाकलून देतील. मोजायला आपले बोल वापरा, नाव मात्र त्यांचंच राहू द्या.

स्वर: 'हा तर आपला राग' हा सापळा

मेटलच्या रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत, कोमल रिषभ फार येतो. पाश्चात्त्य लोक ज्याला फ्रिजियन म्हणतात त्याचे स्वर म्हणजे आपला भैरवी थाट. त्यातला गंधार शुद्ध केला की फ्रिजियन डॉमिनंट होतं, म्हणजे स्वरांच्या हिशोबाने आपला बसंत मुखारी. डोरियन म्हणजे काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. हार्मोनियमवर बोटं फिरवून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

पण स्वर जुळले म्हणजे राग जुळला असं नाही, आणि तो भारतातून आला असं तर मुळीच नाही. ड्रीम थिएटरच्या 'होम' या गाण्यात सुरुवातीला सतारीसारखा नाद येतो. आमच्यातल्या एकाने लगेच उडी मारली, "बघ, इंडियन!" मी त्याला मागे नेलं. लेड झेपेलिनचं 1975 चं 'कश्मीर' ऐकवलं. ड्रम चारात चालतोय, रिफ तीनात चाललाय, दोघं अधूनमधून भेटतात आणि वर तोच पूर्वेकडचा रंग. मग रेनबोचं 1976 चं 'स्टारगेझर' ऐकवलं. हार्ड रॉकमध्ये 'पूर्वेचा रंग' आणायची ही पायवाट तेव्हाच पडली होती, आणि ड्रीम थिएटरने 2009 मध्ये 'स्टारगेझर' स्वतः रेकॉर्ड केलंय. 'होम' त्याच पायवाटेने आलंय असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे 'कश्मीर'चे शब्द मोरोक्कोच्या दक्षिणेतल्या वाळवंटी रस्त्यावरून गाडी चालवताना सुचले. कश्मीरचा संबंध फक्त नावात. नावावरून मूळ ठरवणाऱ्याला आम्ही आता 'मोरोक्को' म्हणतो.

भारतीय धागा खरोखर शोधायचा असेल, तर माणसाच्या शिक्षणात शोधा. टूलचा ड्रमर डॅनी कॅरी तबला शिकलाय, हे उघड आहे. तिथे तबल्याची छाया दिसली तर दावा करा. जॅझ गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णु ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम 1971 चा; पुढे त्याच मॅकलॉफ्लिनने झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड बांधला. वेगात, विषम मात्रांत, गिटार आणि ड्रमची जुगलबंदी ऐकू आली तर ती वाट इकडून जाऊ शकते. पण तीही सरळ नाही, जॅझमधून वळसा घेऊन येते.

पोत आणि बांधणी

पोत म्हणजे आवाजाचा स्पर्श. ओपेथ या स्वीडिश बँडच्या 2003 च्या 'डॅमनेशन' अल्बममध्ये मागे धुरकट तंतुवाद्यांसारखा आवाज येतो, तो मेलोट्रॉनचा. या वाद्यात प्रत्येक पट्टीमागे रेकॉर्ड केलेली टेप असते आणि ती साधारण आठ सेकंदांत संपते. म्हणून सूर फार लांबवता येत नाही, आणि त्याच अडचणीतून तो उसासल्यासारखा नाद तयार होतो. किंग क्रिमझनने तो 1969 मध्ये रॉकच्या मध्यभागी आणून ठेवला. 'डॅमनेशन'ची निर्मिती पॉर्क्युपाइन ट्री बँडच्या स्टीव्हन विल्सनची. म्हणजे इथे वाद्य आणि माणूस, दोन्हींचा पुरावा एकाच जागी मिळतो. असं क्वचित होतं.

बांधणीचं थोडक्यात सांगतो. गाणं वीस मिनिटांच्या वर गेलं, आत नावं असलेले भाग आले आणि सुरुवातीची धून शेवटी परतली, की आधी जेनेसिसचं 1972 चं 'सपर्स रेडी' आणि त्याच वर्षीचं येसचं 'क्लोज टू द एज' ऐका. बहुतेक वाटा तिकडे जातात.

सन तपासा

हा सर्वांत सोपा टप्पा आणि सर्वांत जास्त लोक इथेच आपटतात. मागच्या वर्षी एक पाहुणा मित्र चोपड्याहून आला होता. तो म्हणाला, ड्रीम थिएटरच्या 'इमेजेस अँड वर्ड्स'वर टूलचा प्रभाव आहे. कुणाला खोडता येईना, तो इतक्या ठामपणे बोलत होता. मग एकाने मोबाइल काढला. 'इमेजेस अँड वर्ड्स' 1992 चा. टूलचा पहिला पूर्ण अल्बम 1993 चा. त्याने मान्य केलं आणि त्या रात्रीची शेवभाजी त्याच्या खिशातून आली.

त्यामुळे वहीत प्रत्येक गाण्यासमोर सन लिहाच. रेकॉर्डिंगला वेळ लागतो, म्हणून एकाच वर्षीच्या दोन अल्बमांत 'घेतलं' म्हणणं जवळपास नेहमीच चुकतं.

वाट सापडते का?

सन जुळला, मात्रा जुळली, स्वर जुळले. तरीही प्रश्न उरतो: यांनी ते ऐकलं होतं का? ड्रीम थिएटर या बाबतीत शिकाऊ माणसासाठी फार सोयीचा बँड आहे, कारण ते आपली उधारी लपवत नाहीत.

1985 मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या तीन पोरांनी, गिटारवर जॉन पेट्रुची, बासवर जॉन म्युंग आणि ड्रमवर माइक पोर्टनॉय, हा बँड सुरू केला तेव्हा नाव ठेवलं 'मॅजेस्टी'. रशच्या 'बॅस्टील डे'च्या शेवटच्या भागाला पोर्टनॉय 'मॅजेस्टिक' म्हणाला, त्यावरून. बँडच्या पहिल्या नावातच चाल छापलेली!

पुढचा पुरावा त्यांनी वाजवलेल्या दुसऱ्यांच्या गाण्यांचा. 1995 च्या 'अ चेंज ऑफ सीझन्स'मध्ये तेवीस मिनिटांचं स्वतःचं गाणं आहे आणि त्याच्याबरोबर एल्टन जॉन, डीप पर्पल, लेड झेपेलिन यांची. 2002 मध्ये त्यांनी मंचावर मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' पूर्ण वाजवले, 2005 मध्ये पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. आता 2003 चा 'ट्रेन ऑफ थॉट' लावा. आधीच्या अल्बमांपेक्षा तो एकदम जड आणि काळा आहे. मेटॅलिका वाजवल्यावर लोक कसे पेटतात हे त्यांनी मंचावरून पाहिलं होतं आणि मग तसाच जड अल्बम करायचं ठरवलं. इथे तुम्ही 'चाल: मेटॅलिका' असं शाईने लिहू शकता. बाकी ठिकाणी आम्ही पेन्सिल वापरतो.

खरंच दोन रंगांत लिहा. शाई म्हणजे कलाकाराने सांगितलंय, वाजवलंय किंवा त्या गुरूकडे तो शिकलाय. पेन्सिल म्हणजे सन जुळतो, सारखेपणा मोजता येतो, पण वाट दिसत नाही. नुसतं कानाला वाटतं ते तोंडीच राहू द्या, भरिताबरोबर खाऊन टाका.

बाप की चुलतभाऊ?

दोन पोरांचं नाक सारखं म्हणून एक दुसऱ्याचा बाप होत नाही. दोघांचा आजोबा एक असू शकतो. आयर्न मेडनची लांब, वळणं घेणारी गाणी ऐकून आम्ही म्हणायचो, ड्रीम थिएटरने रचना इथून उचलली. काही अंशी असेलही. पण मेडनचा बासवादक स्टीव्ह हॅरिस स्वतः जेनेसिस आणि जेथ्रो टलचा भक्त. मेडनने 1983 मध्ये टलचं 'क्रॉस-आइड मेरी' रेकॉर्डही केलंय. म्हणजे सत्तरच्या दशकातला इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक हा दोघांचा आजोबा. असा वाद आला की तिसरं, अजून जुनं गाणं शोधायचं आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवायची. नातवात जे आहे आणि बापात नाही, पण आजोबात आहे, ते सरळ आजोबाकडूनच आलं.

एक पूर्ण गाणं: 'ऑक्टेव्हेरियम'

आता सगळं एका गाण्यावर लावून बघू. 2005 च्या अल्बमचं शेवटचं गाणं, लांबी 24 मिनिटं, आत पाच भाग.

सुरुवातीची जवळपास चार मिनिटं शब्द नाहीत. तरंगता, घसरता आवाज आहे. कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस इथे कंटिन्युअम नावाचं वाद्य वाजवतो, ज्यात पट्ट्या सुट्या नसतात, बोट घसरवून मींड काढता येते. शिवाय लॅप स्टील गिटार. चाल: पिंक फ्लॉइड, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', 1975, सारखेपणा पोतात आणि बांधणीत. सन जुळतो. त्याच वर्षी त्यांनी फ्लॉइडचा पूर्ण अल्बम मंचावर वाजवला. शाई.

पण मात्रेत किंवा सुरावटीत तुम्हाला फ्लॉइडची ओळ जशीच्या तशी सापडणार नाही. आमच्यातला 'ढापलं'वाला इथे हरतो. घेतलंय ते वातावरण, सूर नाही.

मग मधला 'फुल सर्कल' भाग. इथे शब्दांत जुन्या गाण्यांची आणि बँडांची नावं एकमेकांत गुंफली आहेत, एकाचं शेपूट दुसऱ्याचं डोकं, अंताक्षरीसारखी. त्यात 'सपर्स रेडी' येतं, बीटल्सची लूसीही येते. 'सिनेमा शो' हे शब्द ऐकलेत तर जेनेसिसचं 1973 चं त्या नावाचं गाणं लावा आणि त्याच्या शेवटच्या भागात कीबोर्डच्या सात मात्रा मोजा. भजनाच्या पुस्तिकेत 'चाल:' जशी डोक्यावर छापतात, तशी इथे बँडने ती गाण्याच्या पोटात गाऊन ठेवली आहे. हा भाग ऐकताना पहिल्यांदा मला आजी आठवली, खोटं नाही सांगत.

शेवटी अल्बम जिथून सुरू झाला त्या सुरावर परत येतो. आठवा अल्बम, आठ गाणी, नावात सप्तकाचा आठवा स्वर. सा पासून वरच्या सा पर्यंत, हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बैठक कशी चालवावी

आमचे नियम मोजके आहेत. तुकडा वाजवल्याशिवाय बोलायचं नाही, आणि तुकडा अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. आधी जुनं गाणं लावायचं, मग नवं. उलट लावलं की कान आधीच फितूर होतात. दावा करणाऱ्याने गाण्याचं नाव न सांगता दोन्ही तुकडे ऐकवायचे आणि बाकीच्यांना सारखेपणा आपणहून सापडतो का ते पाहायचं. हा नियम तबलेवाल्याने आणला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचेच दोन दावे गेले.

खोडलेला दावा वहीतून फाडू नका, रेघ मारून राहू द्या. मी 2019 साली पेन्सिलीने लिहिलेलं एक वाक्य, की मेशुगा या स्वीडिश मेटल बँडच्या गिटारच्या विचित्र सोलोमागे कुणीतरी जॅझवाला असणार, चार वर्षांनी शाईत आलं. त्यांचा गिटारवादक फ्रेडरिक थोर्डेंडाल जॅझ-रॉक गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थच्या वादनाने भारलेला आहे हे वाचनात आलं तेव्हा.

मामा आता पंच्याऐंशीचे आहेत. या डिसेंबरात त्यांनाही बागेत नेणार आहोत. त्यांनी आधीच बजावलंय, "ते डॅश आखूडवालं पुन्हा लावू नका." तबलेवाला म्हणतो, 'द डान्स ऑफ इटर्निटी' त्यांच्यासमोरच लावू, बघू मामा त्यातून कोणती अक्षरं काढतात.